थोरले आबा कशानं गेले?

आमच्या घराण्यात एकाच माणसाची पित्रं दोनदा होतात. भाद्रपद वद्य चतुर्दशीला थोरल्या वाड्यात आणि दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला, धाकट्या वाड्यात. नव्या सोयऱ्याला वाटतं, थोरले आबा खाण्याचे फार शौकीन असणार. वडे-खीर एका दिवसात उरकत नसणार.

खरं तर आबांना खीर आवडायची का, हेही कुणाला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच: पणजोबांचे हे थोरले भाऊ बांधावरून भांडून घरातून निघाले, पलटणीत भरती झाले, जर्मनच्या लढाईत बसऱ्याकडं गेले आणि परत आले नाहीत. वाद आहे तो कशानं गेले याचा. शस्त्रानं मेलेल्यांसाठी शास्त्रात चतुर्दशी राखीव आहे आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी अमावास्या. थोरला वाडा म्हणतो, आबा खंदकात गोळी लागून पडले; सबब चतुर्दशी. धाकट्या वाड्यात आमची आत्या आहे. वय नव्वदीपुढं, दात एक, मत पक्कं. तिनं तिच्या आजीच्या, म्हणजे आबांच्या सख्ख्या भावजयीच्या तोंडून ऐकलंय, की आबा हगवणीनं गेले.

गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "संशय असेल तर दोन्ही दिवशी घालावं." दक्षिणाही दोन्ही दिवशी. शास्त्र सगळ्या बाजूंनी विचार करतं.

हा वाद आणखी शंभर वर्षं सुखानं चालला असता. पण थोरल्या वाड्यातल्या पुतण्याला नगरपरिषदेला उभं राहायचंय, आणि त्याआधी त्याला बसस्टँडसमोर आबांचा फ्लेक्स लावायचाय. हगवणीनं गेलेल्या पूर्वजाच्या पुण्याईवर आजवर कुणी निवडून आल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा एकदाचा निकाल लावा असं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं. कारण घरात वाचायचा चष्मा आणि रिकामा वेळ या दोन्ही गोष्टी एकट्या माझ्याकडं आहेत.

तसा अहमदपुरात पूर्वजांचा तुटवडा नाही. १७ सप्टेंबरला झेंडा फडकला की निजामाशी लढलेले आजोबा घराघरातून बाहेर येतात. काही तर इतके भूमिगत होते की ते लढत होते हे घरच्यांनाही पेन्शन सुरू झाल्यावर कळलं. आमच्या आबांचं प्रकरण मात्र अवघड. माणूस निजामाच्या मुलखातला, भरती झाला इंग्रजांच्या पलटणीत, लढला तुर्कांशी आणि लढाईचं नाव जर्मनची. यात आपण नेमके कुणाच्या बाजूचे, हे फ्लेक्सवर किती फुटांत लिहायचं?

पहिलं काम साक्षी गोळा करण्याचं. थोरल्या काकांच्या म्हणण्याप्रमाणं आबांनी खंदकात उभं राहून सात जर्मन भाल्यानं पाडले. धाकट्या काकांकडं तेच जर्मन अकरा आहेत. सोयऱ्यांकडची हकिगत निराळी: आबा मेलेच नाहीत, बसऱ्यात खजुराचा धंदा टाकला, बायको केली आणि तिकडंच राहिले. सोयऱ्यांच्या लेखी आपल्या घरातलं कुणी कधी सरळ मार्गानं मेलेलं नसतं. हेळवी आला तेव्हा त्यालाही विचारलं. त्यानं चोपडी उघडली, पिढ्या घडाघडा म्हणत आबांपाशी आला आणि म्हणाला, "ह्ये रणात पडले." मी विचारलं, कशानं? त्यानं सुपातल्या ज्वारीकडं एकदा बघितलं. "तुमी म्हनाल तसं, मालक." त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी सापडतात, पण तिथं नोंद होते ती जाऊन आलेल्यांची, आणि आबांच्या अस्थीसुद्धा कुठं आल्या नव्हत्या.

मग कागद. आबा एकदाच गेले. त्यांचं गाव मात्र तेव्हापासून फिरतीवर आहे. आबा निघाले तेव्हा हा भाग हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदरमधून काढून उस्मानाबादला जोडले आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. १९६० मध्ये महाराष्ट्र आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही लातूरचे झालो. उस्मानाबादचंही आता धाराशिव झालंय. लढाईत सैनिकाचा पत्ता लागत नाही, हे समजू शकतो. इथं जिल्ह्याचाच पत्ता लागेना. कुठल्याही कचेरीत जा, ते आदल्या जिल्ह्याकडं बोट दाखवणार.

शेवटी एक कागद हाती आला. तो शौर्याचा नव्हता, शेताचा होता, आणि उर्दूत होता. तो घेऊन मी गल्लीतल्या चाचांकडं गेलो. चाचा निवृत्त उर्दू शिक्षक. त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि एकच शब्द उच्चारला, "फौत." आबा मयत, वारस भाऊ, साल १३२६ फसली, महिना बहमन. निजामाच्या फसली वर्षात आजूर, दय, बहमन असे इराणी नावांचे महिने असत आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. आकड्यात ५९० मिळवले की १९१६ येतं, म्हणजे ही नोंद १९१६ सरतासरताची. कशानं मेले, याला रकाना नव्हता. पण त्या कागदानं एक गोष्ट स्वच्छ झाली. आबा गेल्याचं जगात इतर कुणाला कधी कळलं असेल ते असो, बांधाला ताबडतोब कळलं होतं. ज्या बांधावरून आबांनी घर सोडलं, तो कागदावर सरळ करून घ्यायला पणजोबांनी मुळीच उशीर लावला नाही.

चाचांनी चहा पाजला आणि स्वतःच्या दादांची गोष्ट काढली. ते निजामाच्याच फौजेतले, हैदराबाद लान्सर्सचे स्वार. "हमारे दादा तो दिल्ली में खड़े हैं," चाचा म्हणाले, "चौराहे पे. तीन में के एक." दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले ते तीन पुतळे हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळांचे, १९२२ साली उभे केलेले. या तिघांच्या ब्रिगेडनं २३ सप्टेंबर १९१८ ला तुर्कांकडून हैफा घेतलं. मी हळूच म्हणालो, हैफावरची ती दौड जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांची. हैदराबादचे स्वार त्या वेळी दुसऱ्या कामावर होते. चाचांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "तो क्या हुआ? पुतले तो तीनच हैं ना!" घराण्याचा इतिहास कसा सांभाळावा, याचा याहून चांगला पाठ कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही.

आबांच्या पलटणीचा माग मात्र घरातच लागला. त्या लढाईवर गेलेल्या शिपायांना चांदीचं एक पदक मिळे आणि ब्राँझचं एक. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. चांदीचं पदक पणजीनं सोनाराकडं देऊन जोडवी करून घेतली. ब्राँझचं वाचलं, कारण सोनारानं ते घेतलं नाही. ते देवघरात आलं आणि दर दिवाळीला चिंच लावून इतकं मनापासून घासलं गेलं, की कडेवरचं नाव आणि नंबर साफ गेला. राहिलंय ते '११०' आणि 'मराठा' एवढंच. इंग्रजांनी जे ठोकून लिहिलं होतं, ते घरच्यांच्या भक्तीनं पुसलं.

म्हणजे ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. मी आणखी वाचलं तर १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी. ही माहिती मी सकाळी घरात सांगितली. संध्याकाळपर्यंत आबांनी विमानातून उडी मारलेली होती.

विमान आबांच्या हकिगतीत आहे, नाही असं नाही. पण उडी आबांनी मारली नाही. ती जात्यानं मारली.

त्याचं असं झालं. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नाव पुण्याचं आणि मरायला माणूस अहमदपूरचा. मराठवाड्याचा अनुशेष किती जुना आहे, ते यावरून कळावं. नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन बगदाद जिंकायला निघाले, टेसिफॉनला अडले, मागं फिरले आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कुत अल-अमारा या गावात येऊन बसले. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत. शेवटी आतले सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यांना सोडवायला बाहेरून ज्या फौजा धडका देत होत्या, त्यांची सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. तेरा सोडवायला तेवीस घालवायचे आणि तेराही सोडवायचे नाहीत, हा हिशेब आमच्या सोसायटीच्या चेअरमनलाही जमला नसता.

खंदक होते, हे खरं. पण जानेवारीत टायग्रिसला पूर आला आणि दोन्ही बाजूंना पुढले खंदक सोडून मागं सरावं लागलं. गोळीच्या आधी पाणी आणि पाण्याच्या आधी भूक. भाजीपाला संपला, तशा शिपायांच्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. घोड्याचं मांस वाटायला काढलं. आपल्या लोकांनी ते पुष्कळ दिवस घेतलं नाही, तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेनं परवानग्या मागवल्या गेल्या. तिकडं माणूस उपाशी आणि इकडं त्यानं काय खावं यावर शास्त्रार्थ! हे वाचल्यावर आमच्या चतुर्दशी-अमावास्येचं मला फारसं काही वाटेनासं झालं. दळायची पंचाईत झाली, तेव्हा विमानातून छत्री बांधून जात्याच्या तळ्या टाकल्या. अडकलेल्या फौजेला आकाशातून रसद पोचवण्याचा हा जगातला अगदी सुरुवातीचा प्रयोग समजला जातो. मी हे आत्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "जातं पाठिवलं, अन् जवारी कुटाय?" इतका नेमका प्रश्न इंग्रजांच्या युद्धखात्यात कुणी विचारला असता, तर बगदादची मोहीमच निघाली नसती.

शरण गेल्यावर शिपायांना वाळवंटातून पायी कैदेत नेलं. कितीतरी जण वाटेतच गेले. टाउनशेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर चांगलं घर मिळालं, तिथं असतानाच 'सर' हा किताबही मिळाला. त्यांच्या कुत्र्याला तुर्कांनी कैदेतून वगळलं आणि ते सुखरूप इंग्लंडला पोचलं. त्या कुत्र्याचं नाव स्पॉट. हे मला ठाऊक आहे, कारण ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे.

आबांचं नाव कुठं असेल, म्हणून मग स्मारकं धुंडाळली. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथं हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. त्याच्या भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं आहेत. तिथं लढून गेलेल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचीही आहेत. पण आबा फ्रान्सात मेले नाहीत. बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये झालं. ४० हजारांहून जास्त माणसांचं. तिथं अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचे पलटणीवार आकडे टाकले. अमुक पलटणीचे अधिकारी हे हे, आणि इतर हिंदी सैनिक इतके. आबा त्या 'इतर'मध्ये. त्यातही स्वस्थता नाही: १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते अख्खं स्मारक उचलून ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेऊन ठेवलं. फिरती मेल्यावरही सुटली नाही. २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कमिशननं स्वतःच अहवाल काढून माफी मागितली: ४५ ते ५४ हजार हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांचं स्मरण इतरांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजारांचं नावानं, किंवा अजिबातच झालं नाही. माफीही आकड्यांतच होती. नावं नसली की दुसरं काय करणार?

शिपायांच्या याद्या वेगळ्या आहेत, त्या मोबाइलवर शोधता येतात. पुतण्यानं शोधल्या. आबांचं नाव त्या काळी दर तिसऱ्या घरात असायचं. त्या नावाचा एक साताऱ्याचा निघाला, एक रत्नागिरीचा, एक नगरचा. मोगलाईतला कुणी निघेना. पुतण्या म्हणाला, "काका, साताऱ्याचा घेऊ का? त्याचं सगळं रेकॉर्ड क्लिअर हाय." पूर्वज दत्तक घेण्याची पद्धत आपल्यात अजून नाही, असं सांगून मी त्याला आवरलं.

एका रविवारी दोन्ही वाडे धाकट्या वाड्याच्या ओसरीवर जमले. मी उभा राहून अहवाल वाचला. म्हणालो, वेढा घालणाऱ्या तुर्की फौजेचे सरसेनापती होते फील्ड मार्शल फॉन डेर गोल्ट्झ. काकांच्या सात-अकरा जर्मनांपैकी मला सापडलेला हा एकटाच. त्याला कुणी भाला मारलेला नाही. शरणागतीच्या दहा दिवस आधी, १९ एप्रिल १९१६ ला, तो बगदादमध्ये तापानं गेला. पुढं बगदाद जिंकणारे इंग्रज जनरल मॉड. ते त्याच बगदादमध्ये १८ नोव्हेंबर १९१७ ला पटकीनं गेले. दोन्हीकडच्या सरसेनापतींना रोगानं नेलं. एवढ्या मोठ्या लोकांची ही गत, तर पुराचं पाणी पिऊन राहिलेल्या आमच्या आबांनाच गोळीची सक्ती का?

थोरल्या काकांनी घसा खाकरला. "साहेबांचं निराळं. त्यांना हगवन लागली तरी पुतळा हुतो." हे खोटं नव्हतं. मॉडसाहेबांचा घोड्यावरचा पुतळा बगदादमध्ये १९५८ पर्यंत होता.

"पर मग फ्लेक्सवर काय लिव्हायचं?" पुतण्या कळवळून म्हणाला.

आत्या इतका वेळ वाती वळत बसली होती. तिनं कापूस खाली ठेवला. "काय लाज वाटायलीय रे तुमाला त्या हगवनीची? परक्या मुलखात पानी पानी करून गेलं लेकरू. गोळीनं मेल्यालं तेवढं मेलं, अन् हगवनीनं मेल्यालं काय जितं हाय व्हय?"

ओसरीवर कुणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही, आणि माझ्याकडं तर अहवाल होता. आबांचा सगळा शोध मी ज्या दोन टोकांमध्ये घेतला, ती तेव्हा एकदम समोर दिसली. घरच्यांनी एका माणसाला वाढवत वाढवत अकरा जर्मनांपर्यंत नेलं, आणि सरकारनं त्याच माणसाला घटवत घटवत आकड्यात बसवलं. मध्ये जो एक साधा, तापलेला, तहानलेला शिपाई होता, त्याची विचारपूस करणारी शंभर वर्षांत एकटी ही बाई.

पण पुतण्या राजकारणात जाणार आहे, तो उगाच नाही. त्यानं आत्याच्या पायाला हात लावला आणि दोन मिनिटांत मजकूर सांगितला: 'बसऱ्याच्या रणभूमीवर रोगराईशी अखेरच्या श्वासापर्यंत झुंज देत वीरगतीस प्राप्त झालेले.' थोरल्या वाड्याला वीरगती मिळाली, धाकट्या वाड्याला रोगराई मिळाली. ठराव एकमतानं मंजूर.

राहिला फोटो. आबांचा फोटो नाहीच, तेव्हा पुतण्यानं मोबाइलवर ए.आय.ला सांगून तो काढून घेतला. पिळदार मिशा, इस्त्रीचा गणवेश, बूट चकचकीत, खंदक स्वच्छ आणि कोरडा. मागं बर्फ पडतोय. मी म्हणालो, अरे, बसऱ्याचं ऊन म्हणजे माणसं मारणारं, तिथं बर्फ कुठला? तो म्हणाला, "काका, बर्फात फोटो उठून दिसतो." आबांच्या शेजारी त्याचा स्वतःचा फोटो, आबांपेक्षा थोडा मोठा, खाली दोन्ही वाड्यांतले तमाम पुरुष, गॉगलसह.

फ्लेक्स आणायला मी दुकानात गेलो, तेव्हा तिथला पोरगा संगणकावर आमच्याच आबांच्या मिशा सरळ करत बसला होता. मी म्हणालो, आमचा तर छापून झालाय ना? "तुमचा झालाय, सर. ह्ये दुसऱ्यांचे. गावात अजून चार घरांचे आबा बसऱ्याला गेल्ते म्हनं. फोटो कुनाकडंच नाही. म्हनून तुमचाच वापरायलोय, खाली नाव तेवढं बदलायचं. चालतंय ना?"

मी म्हणालो, चालतंय की. बसऱ्याच्या भिंतीवर आमचे आबा इतरांत गेले होते. अहमदपूरच्या बसस्टँडवर आता इतरही आमच्या आबांत येतील.